समदा बाजार बघणारा नागाप्पा

बसव्वाने नागाप्पाला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो एका घोंगड्याच्या मागून चालत होता.

साल एकोणीसशे साठ. संकेश्वरची जत्रा भरली होती. घोंगडं एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर होतं, आणि चोवीस-पंचवीस वर्षांचा एक उंच, सावळा तरुण त्याचं लोंबतं टोक दोन बोटांत धरून चाचपत मागोमाग निघाला होता. म्हातारा वळून म्हणाला, "काय पायजे, पावणं?"

"काय न्हाय. लोकर बघतोय. लई चांगलं गावलं तुमास्नी."

बसव्वा वडिलांच्या चिरमुऱ्या-बत्ताशांच्या पालात बसली होती. आधीचा सगळा प्रकार तिच्या डोळ्यांसमोर घडला होता. समोरच्या पालात या तरुणाने झाडून सगळी घोंगडी उलगडली होती. एकेक उन्हात धरलं, वास घेतला, गालाला लावून पाहिलं. त्यातलं हेच त्याच्या मनात भरलं, हे पालवाल्याला कळलं होतं आणि बसव्वालाही. पण घ्यायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "बाजूला ऱ्हाऊ द्या. फुडची दोन पालं बघून आलोच." पालवाल्याने मान हलवली आणि बाजूला काही ठेवलं नाही. जत्रेत कोण ठेवतो? तो परत येईपर्यंत घोंगडं म्हाताऱ्याच्या खांद्यावर गेलं होतं.

बसव्वा तोंडावर हात ठेवून हसली. मग तिने नीट पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हळहळही फारशी नव्हती. दुसऱ्याला मिळालेल्या चांगल्या वस्तूचं मनापासून कौतुक होतं. असा माणूस तिने त्याआधी पाहिला नव्हता.

पुढच्याच वर्षी तो तिला बघायला आला. पोह्यांची बशी पुढे करताना तिने ओळखलं, आणि तिच्या मनात आलं, हा आता आणखी दोन पालं बघायला जाणार.

झालंही तसंच. बरोबर त्याचे वडील रुद्रय्या आणि आई गौराबाई होती. मंडळी कोल्हापूरच्या शनिवार पेठेतले गवळी. बोलणी झाल्यावर नागाप्पा ओसरीवर आईला हळूच म्हणाला, "पोरगी चांगली हाय, आव्वा. पर निपाणीचं स्थळ बगायचं ऱ्हायलंय. आन् गडहिंग्लजचं."

हळूच म्हणाला, पण नागाप्पाचं हळू म्हणजे आतल्या खोलीत ऐकू जाईल इतपत. बसव्वाचे वडील वीरप्पा दाराशीच होते. ते कोणाकडेही न बघता म्हणाले, "उद्या कागलचं पावणं येणार हाईत."

गौराबाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मान हलवली. तिने पिशवीतला नारळ काढला आणि उंबऱ्याशीच फोडला. कागलचे पाहुणे खरोखर यायचे होते का, हे पुढे कोणालाही कळलं नाही. वीरप्पांनी मरेपर्यंत सांगितलं नाही आणि बसव्वानेही विचारलं नाही.

गवळ्याच्या घरात आल्यावर तिला पहिल्या महिन्यातच दोन कायदे कळले. दोन्ही कुठे लिहिलेले नव्हते. म्हणूनच ते कोणी मोडत नसे.

पहिला कायदा खुंट्याचा. संध्याकाळ झाली की पेठेतले गवळी म्हशी घेऊन गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जात. ज्याची त्याची जागा ठरलेली, ज्याचा त्याचा खुंटा. तालमीतली पोरं अंगाची माती झटकून येत, पेठेतली माणसं तांबे घेऊन येत, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत काढलेलं फेसाळ, कोमट दूध उभ्याउभ्याच प्यालं जाई. खंडेनवमीच्या संध्याकाळी गवळी आपापल्या खुंट्याची पूजा करत. त्या संध्याकाळी ज्याची दुभती म्हैस ज्या खुंट्याला उभी, तो खुंटा त्याचा, पुढच्या नवमीपर्यंत. रुद्रय्याचा खुंटा वेशीकडून तिसरा होता. तिथे त्याच्याही वडिलांची म्हैस उभी राहिलेली.

दुसरा कायदा बाजाराचा. वडगावला सोमवारी जनावरांचा बाजार भरे. तिथे भाव तोंडाने बोलायचा नाही. विकणारा आणि घेणारा उपरण्याखाली हातात हात घालत आणि बोटं दाबून भाव सांगत. हात उपरण्याखाली आहे तोवर तिसऱ्याने मध्ये पडायचं नाही, मग तो कोणी का असेना. पण हात बाहेर आला, की म्हैस पुन्हा साऱ्या बाजाराची. "जरा फुडं बघून येतो" म्हणणाऱ्यासाठी कोणी थांबत नसे.

रुद्रय्या या बाजारातला पक्का माणूस. तो मुलाला सांगे, "अर्दा बाजार हात मागं बांधून फिरायचं. कायबी घ्यायचं न्हाय, नुस्तं बगायचं. मग फुडच्या अर्द्यात जी पयली म्हस मागच्या समद्यांपरीस चांगली दिसंल, तितं हात घालायचा. तिच्या फुडं बगायचं न्हाय, मागं वळायचं न्हाय."

नागाप्पाला हे तोंडपाठ होतं. पण त्याचा एक प्रश्न असे, "आप्पा, आन् तिच्या फुडं तिच्यापरीस चांगली आसली तर?"

"आसू दे की. ती दुसऱ्याची."

हे मात्र नागाप्पाच्या गळी कधी उतरलं नाही. त्याला म्हशी बघायला मनापासून आवडत. कासेची ठेवण, सडांतलं अंतर, शिंगांचा बाक, चालताना पाठ कशी हलते, रेडकू आईकडे कसं धावतं. शेवटच्या रांगेतली शेवटची म्हैस न बघता बाजारातून निघणं त्याला पंगतीतून अर्ध्यावर उठल्यासारखं वाटे.

सदुसष्ट साली रुद्रय्या वारला, आणि दाव्याचं भेंडोळं नागाप्पाच्या खांद्यावर आलं. तेव्हापासून बाजारात आणखी एक गोष्ट सुरू झाली. तिचं नाव हंबीरराव.

हंबीररावाचा खुंटा नागाप्पाच्या शेजारचा, चौथा. एके काळचा पैलवान, आवाज वेशीपासून घाटापर्यंत जाणारा. त्याला म्हशीतलं फारसं कळत नसे आणि ते तो लपवतही नसे. तो एवढंच करी : बाजारात नागाप्पाच्या मागे वीस पावलांवर शेंगा खात चाले. नागाप्पा जिच्यापुढे जास्त वेळ रेंगाळला आणि मग उसासा टाकून पुढे गेला, तिच्या मालकापुढे हंबीरराव उपरणं पसरी. नागाप्पा सगळा बाजार बघून परत येई, तेव्हा ती म्हैस हंबीररावाच्या दाव्याला असे.

"नागाप्पा, तुजं लई उपकार बग," तो म्हणे. "तुजं डोळं आन् माजं उपरणं. दोगं मिळून एक गवळी झाला."

नागाप्पा रागवत नसे. म्हशीला गोल फेरी मारून म्हणे, "चांगली घेतलीस. पर पेंड जरा बेतानं घाल हिला."

दोन वर्षं हे निभावलं, कारण गोठ्यात रुद्रय्याने आणलेल्या दोन म्हशी होत्या. एकोणसत्तरच्या पावसाळ्यात त्यातली एक घटसर्पाने गेली. दुसरी आटली. गौरी-गणपती झाले तेव्हा घरात दुभतं जनावर उरलं नव्हतं आणि वेशीतला तिसरा खुंटा रिकामा होता.

रिकामा खुंटा फार दिवस रिकामा राहत नाही. गडमुडशिंगीचा आकाराम नावाचा एक गरीब स्वभावाचा गृहस्थ कट्ट्यावर जागा शोधत होता. तो घरी येऊन विचारून गेला, "नागाप्पा, खुंटा मोकळाच हाय तवर बांधू का? तुमची म्हस आली की सोडतो." नाही कशाला म्हणायचं? पण नवमीला त्याचीच म्हैस तिथे उभी असली तर पुढे सोडायचा प्रश्नच नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं आणि म्हणून तो बोलताना खाली बघत होता. रोजची गिऱ्हाइकं खुंट्याला बांधलेली. खुंटा गेला तर घरात गवळीपण फक्त नावापुढे उरणार होतं.

नवमीच्या आधीचे तीन सोमवार हाताशी होते. पहिल्या सोमवारी नागाप्पाने दुसऱ्या रांगेत एक झकास म्हैस पाहिली, बापाच्या नियमाप्रमाणे अर्ध्या बाजारापर्यंत गेला, आणि तेवढ्यात ती हंबीररावाने घेतली. दुसऱ्या सोमवारी बसव्वाने त्याला सांगून पाठवलं, "नको त्या म्हशीफुडं उबं ऱ्हावा जरा. हंबीरदाजी फशी पडंल." नागाप्पाने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. एका हाडकुळ्या, लंगड्या म्हशीपुढे तो उभा राहिला. पण तिच्याकडे बघून त्याचं तोंड असं कळवळलं, की हंबीरराव जवळ आला आणि म्हणाला, "बरं वाटत न्हाय का? चल, चा पिऊ." चहा पिऊन होईपर्यंत चांगल्या म्हशी भलत्याच कोणी नेल्या होत्या.

तिसऱ्या सोमवारच्या आदल्या दिवशी जेवताना बसव्वा म्हणाली, "उद्या मी बी येते."

नागाप्पाचा घास हातातच राहिला. "जनावराच्या बाजाराला? बायका येत्यात व्हय तितं?"

"चा इकायला येत्यात की."

"मग तू चा इकणार हाईस?"

चुलीपाशी बसलेली गौराबाई म्हणाली, "जाऊ दे तिला. दोन सोमवार तू नुस्तं दावं फिरवून आणलंस. दाव्याला बाजार पाट झाला आसंल."

बसव्वाने त्या दोन आठवड्यांत पुष्कळ विचार केला होता. मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, नियम चांगला होता, पण तो एकट्या माणसाचा होता. मागे कोणी नसेल, तर अर्धा बाजार नुसता बघून घालवायला हरकत नाही. मागून उपरणं घेऊन माणूस येत असेल, तर अर्ध्यापर्यंत जाईस्तोवर आपलं बघणं त्याच्या कामी येतं. तेव्हा थांबायचं तर लवकर थांबायला हवं, आणि बऱ्यापैकीवर थांबायला हवं. हे नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. बऱ्यापैकीवर थांबणं त्याच्या हाडात नव्हतं, आणि खोटं रेंगाळणंही नव्हतं.

म्हणून बाजाराच्या तोंडाशी एस.टी.तून उतरल्यावर तिने त्याच्या हातातलं दावं आपल्याकडे घेतलं आणि म्हणाली, "तुमी आज समदा बाजार बगा. निवांत. घाई करू नगा."

आयुष्यात त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, मग हात मागे बांधून पहिल्या रांगेत शिरला. वीस पावलांवर हंबीरराव शेंगा सोलत निघाला. हंबीररावाची ख्याती आता पसरली होती, त्यामुळे त्याच्याही मागे दोघे-तिघे लागले होते. ती मिरवणूक वळून दिसेनाशी झाल्यावर बसव्वा उलट्या टोकाला गेली.

तिकडे डोंगराकडून आलेली जनावरं होती. पहिल्या म्हशीचा एक सड बंद होता. दुसरी दिसायला देखणी, पण माणूस जवळ आलं की डोळे फिरवी. तिसरीचा मालक झोपला होता. चौथीपाशी एक बाई उभी होती.

पन्नाशीची, काटक, नऊवारीचा काष्टा घातलेली. नाव बयाबाई, शाहूवाडीकडची. लेक-जावयाकडे वारणानगरला कायमची राहायला निघालेली. जावई साखर कारखान्यात, राहायला वसाहतीतल्या दोन खोल्या, तिथे म्हैस बांधायची कुठे? म्हणून ती गोदीला घेऊन सकाळपासून उभी होती. गोदी दुसऱ्या वेताची, लांब शिंगांची, शांत नजरेची. आणि सकाळपासून तिला कोणी विचारलं नव्हतं.

का विचारलं नव्हतं, ते बसव्वाला तिथे उभं राहिल्यावर कळलं. एक गिऱ्हाईक आलं, गोदीला बघून खूश झालं, आणि म्हणालं, "मालक कुटं हाय?"

"मीच मालक," बयाबाई म्हणाली.

गिऱ्हाइकाने खांद्यावरच्या उपरण्याकडे पाहिलं, बाईच्या हाताकडे पाहिलं, खाकरलं आणि निघून गेलं. परक्या बाईचा हात उपरण्याखाली भर बाजारात कोण धरणार?

"त्वांडानं सांगा की भाव," बसव्वा म्हणाली.

"न्हाय बाई. त्वांडानं सांगितला की समद्या बाजाराच्या कानाला लागतो, मग जो येतो त्यो खालूनच सुरवात करतो. एक हेडी आलता मगाशी, सयाजी म्हणून. म्हणतो, माज्या हवाली कर, मी इकून देतो. का? माजी म्हस, माजी बोटं."

बसव्वाने गोदीच्या पाठीवर हात ठेवला. तिला एकच गोष्ट बघायची होती. कट्ट्यावरची म्हैस गर्दीत, गोंगाटात दूध देणारी लागते. इथे गोंगाटाला तोटा नव्हता. पलीकडे एक दातांच्या औषधाचा विक्रेता भोंगा लावून ओरडत होता. उजव्या बाजूला बैलगाडी सोडलेली होती, म्हणून ती डावीकडून बसली आणि धार काढून पाहिली. गोदीने पान्हा सोडला. भोंग्याकडे एकदा कान हलवला, इतकंच.

बसव्वा उठली. दावं तिच्या हातात होतं, आणि पाय मात्र पुढच्या रांगेकडे वळले. अजून किती म्हशी बघायच्या राहिल्या होत्या. चारच तर पाहिल्या. हिच्यापेक्षा भरलेल्या कासेची एखादी पलीकडेच उभी असेल, आणि नवमीला हिने पान्हा चोरला तर सगळं आपल्या माथ्यावर. ती दहा पावलं चालली. आणि चालता चालता तिला आपला नवरा एकदम समजला. लोक म्हणत तसं ते त्याचं घुटमळणं नव्हतं. पुढच्या वळणावर आणखी काहीतरी सुंदर असणार, ही त्याची खात्री होती, आणि ती खात्री पायांना ओढत नेते. किती गोड ओढ होती ती.

तेवढ्यात तिला एक दलाल दिसला; बोलण्यावरून बयाबाईने सांगितलेला सयाजी हेडी तो हाच. तो चहाच्या पालापुढे उभा राहून चहावालीला गळ घालत होता, "दोन मिंटं चल गं आक्का. तिचा हात धरायचा आन् मी सांगतो तितकी बोटं दाबायची. बाईला बाई."

बसव्वा वळली आणि जवळजवळ धावतच परत आली. तिने बयाबाईचा हात धरला आणि वरून आपला पदर टाकला.

चहावालीला घेऊन सयाजी पोचला तेव्हा दोन्ही हात पदराखाली होते. तो म्हणाला, "हे कसलं? बायकांनी कदी उपरण्याखाली हात घातलाय का?"

"उपरणं कुटं हाय?" बयाबाई म्हणाली. "पदर हाय. गप उबं ऱ्हावा, हात आत हाय."

कायदा कायदाच. सयाजी उभा राहिला, चहावाली उभी राहिली, आणखी चार-सहाजण जमले. पदराखाली बोटांनी बोटं दाबली. बसव्वाने आपल्या ऐपतीचा आकडा सांगितला. बयाबाईने आपला सांगितला. मध्ये थोडंच अंतर होतं, पण ते बसव्वाच्या ऐपतीच्या पलीकडचं होतं. हात बाहेर काढला की चहावालीचा हात आत जाणार, हे तिला दिसत होतं. बयाबाईलाही दिसत होतं, म्हणून ती हलायला तयार नव्हती.

भाव तोंडाने बोलायचा नसतो. बाकी काहीही बोलता येतं. बयाबाईने विचारलं, "कुटं बांदणार हिला?"

"कोल्हापुरात. गंगावेशीत, आमच्या मामांच्या खुंट्याला."

"आन् राती?"

"चुलीच्या भिंतीपल्याड. मला हाक मारली तर ऐकू यील."

"घरात मारकुटं कोण हाय?"

"न्हाय. मालक म्हशीला बगत बसलं, तर जेवायचं इसरत्यात."

बयाबाईने थोडा वेळ गोदीकडे पाहिलं. मग पदराखाली तिने एक बोट मिटलं. मिटलेलं बोट बसव्वाने तसंच मुठीत धरलं. सौदा झाला.

नागाप्पा आला तो उजळलेल्या चेहऱ्याने. "बसव्वा, तिसऱ्या रांगंत एक म्हस हाय, आगं, कास म्हंजे निस्ती…" मग त्याला तिच्या हातातलं दावं दिसलं, आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाची गोदी. त्याने गोदीभोवती एक फेरी मारली. मग उलटी एक मारली.

"डावा मागला सड जरा ल्हान हाय," तो म्हणाला.

"व्हय."

"चांगली हाय पर." थोड्या वेळाने म्हणाला, "तिसऱ्या रांगंतली हिच्यापरीस चांगली हाय."

"आसंल. कुणी नेली?"

नागाप्पाने मागे पाहिलं. हंबीरराव त्याच म्हशीला घेऊन येत होता. "आज पन तुजं उपकार," तो लांबूनच ओरडला.

"तुला वाईट न्हाय वाटत?" नागाप्पाने बायकोला विचारलं.

"मी ती बगितलीच न्हाय," बसव्वा म्हणाली. "मग वाईट कशाचं वाटंल?"

नागाप्पा यावर वडगाव संपेपर्यंत विचार करत चालला. मग म्हणाला, "मी बगितली न्हवं? ते बरं झालं. दोगांत एकानं तरी बगितली."

नव्या जागेला रुळावी म्हणून नवमीपर्यंत गोदी घरीच ठेवली. बसव्वा धार काढी, दूध येई. रविवारी खंडेनवमी होती. संध्याकाळी वेशीत खुंट्यांना विभूती लागली, हार चढले. तालमीतून हलगी वाजत आली होती. आकारामने आपली म्हैस सोडून बाजूला घेतली आणि दावं हातात धरून थांबला. ज्येष्ठ गवळी बाळासो म्हणाले, "नागाप्पा, म्हस दिसली. आता दूद दिसू द्या."

नागाप्पा चरवी घेऊन उजवीकडे बसला. कट्ट्यावर सगळे उजवीकडेच बसत, कारण डावीकडे शेजाऱ्याची म्हैस चिकटून उभी असे. त्याने सड ओढले. काही नाही. पुन्हा ओढले. गोदीने मान वळवली आणि पान्हा चोरून उभी राहिली. गर्दी पुढे सरकली. बसव्वा बायकांत उभी होती. दहा पावलं आणखी चालायला हवं होतं का?

नागाप्पा उठला. चरवी खाली ठेवली आणि गोदीकडे बघत राहिला.

"आरं, बगतोस काय?" कोणीतरी म्हणालं.

"बगू दे त्याला," हंबीरराव म्हणाला. "त्यो अर्द्यावर सोडत न्हाय."

नागाप्पाने बघून घेतलं, त्याच्या नेहमीच्या चालीने, शिंगांपासून खुरांपर्यंत. गोदी दर वेळी मान वळवत होती ती डावीकडे, जिथे कोणी बसलेलं नव्हतं. त्याने बायकांच्या घोळक्याकडे पाहून विचारलं, "बाजारात तू कुणीकडनं बसलीस गं?"

"डावीकडनं. उजवीकडं गाडी हुती."

"आन् घरात?"

"डावीकडनंच की."

नागाप्पा हंबीररावाकडे वळला. "तुजी म्हस दोन पावलं सरकीव."

ही तीच म्हैस होती, तिसऱ्या रांगेतली. हंबीरराव तिला खांदा लावून ढकलत म्हणाला, "सरक गं बाय. जाऊ आलीया तुजी, जागा दे तिला." नागाप्पा डावीकडे बसला. गोदीने मान सरळ केली. पहिली धार चरवीच्या बुडाला वाजली आणि मग आवाज बदलला, जसा दूध चढत गेल्यावर बदलतो.

पहिला पेला त्याने आकारामला दिला. आकारामने तो उभ्यानेच पिऊन टाकला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "ग्वाड हाय." पुढच्या वर्षी घाटाकडच्या टोकाला एक खुंटा मोकळा झाला, तेव्हा बाळासोंकडे त्याच्यासाठी शब्द टाकायला नागाप्पाच गेला.

त्यानंतर वडगावला दोघं मिळूनच जाऊ लागली. तो बघायचा, ती थांबायची. हंबीररावाने एक-दोनदा बसव्वाच्या मागून चालून पाहिलं, पण तिच्या चालीला तो पुरा पडेना. चार म्हशी बघून ती हात आत घालून मोकळी होई. "वैनी, बगू तरी द्या मानसाला," तो तक्रार करी. बयाबाईची गोष्ट पसरल्यावर आणखी काही बायका आपली जनावरं घेऊन बाजारात उभ्या राहू लागल्या, आणि गवळ्यांच्या बायकांनाही पदराचा उपयोग कळला.

गोदी पाच वेतं राहिली. हंबीररावाच्या म्हशीने तिच्यापेक्षा जास्त दूध दिलं, हे नागाप्पा कोणालाही सांगे, गिऱ्हाइकाला सुद्धा. बसव्वा त्याला कोपराने ढोसे. तो म्हणे, "आगं, खरं हाय ते."

दोन्ही मुलींच्या लग्नाच्या वेळी तो आणखी स्थळं बघायचं म्हणाला, आणि दोन्ही वेळा पिशवीतला नारळ बसव्वाच्या हातात होता. धाकटीच्या वेळी मात्र ती एक दिवस थांबली, कारण बघून आल्यावर नागाप्पा म्हणाला होता, "पोरगा चांगला हाय, पर पोरगीकडं त्यानं एकदा बी बगितलं न्हाय." त्या स्थळापुढे नारळ पिशवीतच राहिला.

मग डेअऱ्यांच्या गाड्या दारापर्यंत येऊ लागल्या, पिशवीतलं दूध आलं, कट्ट्यावरचे खुंटे एकेक करून कमी झाले. हंबीररावाने म्हशी विकून पिठाची गिरणी घातली. त्याच्या गिरणीत दळण टाकायला नागाप्पा जातो आणि पीठ होईपर्यंत पट्ट्याकडे बघत उभा राहतो.

नागाप्पाने आता पन्नाशी ओलांडली आहे. गोठ्यात दोन म्हशी आहेत, दोन्ही बसव्वाने घेतलेल्या. दर सोमवारी सकाळच्या एस.टी.ने तो दावं न घेता वडगावला जातो, सगळा बाजार बघतो आणि दिवे लागायच्या आत घरी येतो.